रात्री पाठ, आठवड्यानं सपाट

पत्र :

सर, माझी मुलगी सहावीत आहे, सेमी इंग्रजीला. वार्षिक परीक्षा जवळ आलीय म्हणून मी रोज रात्री उजळणी घेते. सध्या तीन धडे चाललेत : खडकांचे प्रकार, हाडं-सांधे आणि चुंबक. रात्री विचारलं की धडाधड सगळं सांगते. आठवड्यानं तेच विचारलं की ग्रॅनाइट अग्निजन्य की रूपांतरित, इथून गोंधळ सुरू. घटक चाचणीत प्रश्न जरा फिरवून आला की जागा कोरी सोडून येते. गाईडमधली उत्तरं मात्र शब्द न् शब्द पाठ आहेत. मी स्वतः बारावी कॉमर्स, विज्ञान कधीच सुटलं. शिकवणी लावू का? ऑनलाइन प्रयोगांचा एक संच मिळतो, त्यात छोटी छोटी चुंबकं आहेत, तो घेऊ का? धाकटा अडीच वर्षांचा आहे, त्यामुळे मला वेळही जेमतेमच मिळतो.
– एक आई, बार्शी

उत्तर :

ताई, नमस्कार.

शिकवणीचं आधी सांगून टाकतो : लावू नका. तुम्ही लिहिलेला घोळ शिकवणीनं सुटण्यातला नाही. तिथं तीच उत्तरं आणखी चार वेळा घोकून घेतील आणि महिन्याचे पैसे जातील ते वेगळे.

रात्री धडाधड सांगते, हे वाचून मला आनंद झाला नाही. नुकतंच वाचलेलं कोणीही सांगतं, पान डोळ्यांसमोर तरळत असतं. त्या वेळचं उत्तर लेकीलाही फसवतं आणि तुम्हालाही. झालं बाई एकदाचं, असं वाटून पुढचा धडा काढला जातो. अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली नेमकं हेच तपासलं होतं. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे चांगलेच पुढे गेलेले. ती कॉलेजची मुलं होती, पण सहावी-सातवीच्या वर्गातही मला वर्षानुवर्षं हेच दिसत आलंय.

तेव्हा रात्रीचं वाचन आणि लगेच प्रश्न, ही पद्धत बंद. आज धडा वाचला तर उद्या संध्याकाळी, पुस्तक दप्तरात असताना, तिला एक कोरा कागद द्या. दहा मिनिटांत आठवेल ते लिहू दे, आकृत्या काढू दे. मग पुस्तक उघडून सुटलेलं वेगळ्या शाईनं भरायचं. तोच कागद पुन्हा तीन-चार दिवसांनी, नव्यानं. पहिल्या वेळी ती चिडेल, ‘मला काहीच येत नाही’ म्हणेल. चिडू दे. तुम्हाला विज्ञान येत नाही ही इथं अडचण नाहीच, कारण तुमचं काम फक्त गप्प बसायचं आहे, आणि आईसाठी तेच सगळ्यात अवघड असतं.

पाठांतराला मी नावं ठेवतोय असं मात्र समजू नका. हल्ली ‘घोकंपट्टी वाईट’ म्हणायची फॅशन आहे. खडकांचे तीन प्रकार, प्रत्येकाची दोन-तीन नावं, चुंबकाला चिकटणारे लोखंड, निकेल, कोबाल्ट, हाडांचा २०६ हा आकडा, एवढं पाठच पाहिजे. ते तोंडात नसेल तर विचार कशावर करणार? माझं भांडण गाईडमधल्या पाच ओळींच्या तयार उत्तराशी आहे. पोरीला ते उत्तर ठाऊक असतं, प्रश्न कशाबद्दल होता ते ठाऊक नसतं.

आता धड्यांकडे. खडकांच्या बाबतीत तुम्ही भाग्यवान आहात, बार्शीकडच्या साध्या घरात निम्मा धडा पायाखाली असतो. लेकीला घरभर फिरवा आणि सापडेल तो दगड वहीत लिहायला सांगा. पाटा-वरवंटा, जुनं जातं, घराचं जोतं, रस्त्याकडेला पडलेली खडी हा सगळा आपला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्यातून तो झाला, म्हणून अग्निजन्य. आजही जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर तोच पसरलेला आहे. अजिंठा-वेरूळची लेणीही त्याच्यातलीच. जमिनीवरची फरशी बहुधा शहाबादी असेल. ती तुमच्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातली, उथळ समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुन्याच्या गाळाची. थराथरांत साचली म्हणून तर तिच्या सपाट लाद्या निघतात. हा झाला स्तरित खडक. कपाटाच्या फळ्यांना लावलेला कडप्पाही चुनखडकच. देवघरातला किंवा पोळपाटाचा संगमरवर रूपांतरित, आणि आजीच्या काळातली दगडी पाटी सापडली तर तीही रूपांतरित. ओटा ग्रॅनाइटचा असेल तर अग्निजन्य. (काळा ग्रॅनाइट म्हणून दुकानात मिळणारा दगड भूशास्त्राच्या हिशेबात बहुतेकदा ग्रॅनाइट नसतो, पण अग्निजन्य असतोच. सहावीला एवढं पुरे.)

यादी झाली की लिंबू घ्या. फरशीचा, कडप्प्याचा, संगमरवराचा, खडीचा असे टवके गोळा करा. फरशीवाल्याच्या दुकानाबाहेर ते ढिगानं पडलेले असतात. थोडं खरवडून भुकटी करायची आणि वर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकायचं. पण थेंब टाकायच्या आधी तिनं अंदाज लिहायचा : कोण फसफसेल, कोण नाही? शहाबादी, कडप्पा, संगमरवर या तिघांवर बुडबुडे येतात, कारण तिघंही कॅल्शियम कार्बोनेटचे. काळा दगड ढिम्म. हा प्रयोग टवक्यांवरच करा, कडप्प्यावर किंवा संगमरवरी देवघरावर नको. चकाकी एकदा गेली की परत येत नाही, आणि पुढची बोलणी तुम्हालाच खावी लागतील.

खरा प्रश्न इथून पुढे आहे. चुनखडक आणि संगमरवर दोन्ही फसफसले, मग एक स्तरित आणि दुसरा रूपांतरित कसा? लगेच सांगू नका, दोन दिवस तसंच राहू द्या. दोन्ही टवके उन्हात धरून, जमल्यास भिंगातून बघायला सांगा. संगमरवराच्या ताज्या तुटलेल्या कडेवर साखरेसारखे चमचमणारे दाणे दिसतात, शहाबादीवर तसे दिसत नाहीत. पदार्थ तोच, पण प्रचंड उष्णतेनं आणि दाबानं त्याचे कण नव्यानं जुळले. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की ग्रॅनाइट रूपांतरित आहे का, हा गोंधळही बराचसा मिटतो. ‘आधी हा कोण होता?’ असं तिनं दगडाला विचारायचं. संगमरवर आधी चुनखडक होता, पाटीचा दगड आधी चिकणमातीचा गाळ होता. ग्रॅनाइट थेट शिलारसातूनच, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या दगडातूनच आला, म्हणून अग्निजन्य. पुढं त्या ग्रॅनाइटवरच दाब-उष्णतेची पाळी आली की नीस होतो, तो रूपांतरित. आणि तुमच्या गावातल्या भगवंताच्या देवळात जाल तेव्हा भिंतीच्या दगडाला हात लावून कुठला ते तिलाच ठरवू द्या. चुकली तरी देवासमोर रागावायचं नाही.

चुंबकाचा धडा मुलांना सोपा वाटतो आणि मार्क तिथंच जातात. ‘चुंबक ओळखण्याची खरी कसोटी प्रतिकर्षण’ हे वाक्य त्यांना पाठ असतं, का ते विचारलं की गप्प. चुंबकाजवळ साधा खिळा कुठल्याही टोकानं नेला तरी ओढलाच जातो, त्यामुळे नुसत्या ओढण्यावरून समोरचं चुंबक आहे की लोखंड ते कळत नाही. दूर ढकलणं मात्र दोन चुंबकांमध्येच होतं, तेही सजातीय ध्रुव (उत्तरेसमोर उत्तर किंवा दक्षिणेसमोर दक्षिण) समोरासमोर आले तर. हे दोन चुंबकं आणि एक खिळा घेऊन पाच मिनिटांत दाखवता येतं.

मग तिला हे कोडं घाला. फिरवून विचारलेला प्रश्न म्हणजे काय, याचा हा उत्तम नमुना. अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन पट्ट्या आहेत, एक चुंबकाची, एक लोखंडाची. दुसरं काहीही हाताशी नाही, दोराही नाही. चुंबक कोणतं ते कसं ओळखशील? टोकाला टोक लावलं तर दोन्ही वेळा चिकटणार, त्यातून काही निघत नाही. उत्तर पट्टीच्या मध्यावर आहे. पट्टी-चुंबकाचं बळ टोकांना सर्वांत जास्त आणि मध्यावर जवळजवळ नसल्यासारखं. तेव्हा एका पट्टीचं टोक दुसरीच्या बरोबर मध्याला लावायचं. जोरात चिकटलं तर हातातली पट्टी चुंबक, चिकटलंच नाही किंवा जेमतेम चिकटलं तर आडवी ठेवलेली चुंबक. हे मी सातवी-आठवीच्या पोरांना विचारतो आणि वर्ग पुरता शांत होतो. तुमच्या लेकीला सुचायला आठवडा लागला तरी चालेल. तिला इतकंच विचारा, ‘चुंबकाच्या कुठल्या भागाला टाचण्या चिकटत नाहीत?’

स्वयंपाकघरात चुंबक घेऊन फिरायला लावा, पण इथंही आधी अंदाज. एक आणि दोन रुपयांची स्टीलची नाणी चिकटतात. पाच रुपयांचं पिवळं नाणं चिकटत नाही, दहाचं दुरंगी नाणंही सहसा चिकटत नाही. तांब्याचा तांब्या, पितळी डबा, ॲल्युमिनियमचं पातेलं, कोणी हलणार नाही. स्टीलच्या भांड्यांपाशी मात्र ती चक्रावेल, कारण काही चिकटतील आणि काही नाही. ज्या स्टीलमध्ये पुरेसं निकेल मिसळलेलं असतं त्याच्या आतली कणांची मांडणीच बदलते आणि ते साध्या चुंबकाला दाद देत नाही. निकेल स्वतः चिकटतं, लोखंड चिकटतं, दोघं मिळून चिकटत नाहीत, अशी ही गंमत. परीक्षेत हे येणार नाही. पण ‘सगळे धातू चुंबकाला चिकटतात’ हे चुकीचं वाक्य तिच्या डोक्यातून कायमचं जाईल, आणि चूक की बरोबरमध्ये तेच वाक्य हमखास येतं.

तीन धडे तीन वेगळ्या कप्प्यांत ठेवू नका. खडक भूगोलात, चुंबक आणि हाडं विज्ञानात, म्हणून मुलांना वाटतं यांची एकमेकांशी ओळखच नाही. एखाद्या दिवशी एकच विषय धरा : लोखंड. बांधकामावरची ओंजळभर वाळू आणा आणि चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यातून फिरवा. पिशवीला काळे बारीक कण चिकटतात. पिशवी उलटी केली की ते कागदावर पडतात, चुंबक खराब होत नाही. हे कण बहुतांशी मॅग्नेटाइटचे, काळ्या दगडाच्या झिजेतून आलेले. निसर्गात सापडणारं चुंबक म्हणून पुस्तकात ज्याचा उल्लेख असतो ते हेच खनिज. हल्लीची क्रश सँड म्हणजे काळ्या दगडाचाच चुरा, तीही चालेल. फक्त ढिगात बांधकामाच्या तारेचे तुकडे नाहीत ना ते बघा, नाहीतर निष्कर्ष भलताच निघायचा.

मग विचारा, कोकणातला जांभा दगड लाल का? लोखंडामुळे. बेसॉल्टसारखा खडक पावसा-उन्हानं युगानुयुगं कुजत गेला, बाकीचं बरंच धुऊन गेलं, मागे लोखंड आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरली. त्याला चुंबक चिकटेल? तिला वाटेल, लोखंड आहे म्हणजे चिकटणारच. प्रत्यक्षात साध्या चुंबकाला जांभ्याची लाल भुकटी सहसा दाद देत नाही. जांभा नाही मिळाला तर खिळ्यावरचा गंज खरवडून बघा. आतला खिळा चटकन चिकटेल, लाल भुकटी तशी चिकटणार नाही.

आणि आता शरीर. आपल्या रक्तातही लोखंड असतं. मोठ्या माणसाच्या सगळ्या शरीरात मिळून तीन ते चार ग्रॅम, त्यातलं बरंचसं रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये. मग बोटाला चुंबक का चिकटत नाही? एमआरआयला जाताना मंगळसूत्र, घड्याळ, किल्ल्या काढून ठेवायला लावतात, तिथलं चुंबक घरातल्या चुंबकापेक्षा कितीतरी पटींनी बलवान असतं, तरीही माणूस त्याला जाऊन चिकटत नाही. कारण खिळ्यात लोखंडाचे अणू धातू म्हणून एकत्र असतात आणि एकमेकांना साथ देत एका दिशेला रांग धरतात. रक्तात ते एकेकटे, दुसऱ्या रेणूंमध्ये बांधलेले. एवढी एक संध्याकाळ धातू, खनिज आणि शरीर यांवर घातलीत तर तीन धड्यांची उजळणी एकदम होते. फिरवून आलेल्या प्रश्नाला ती कोरी जागा सोडणार नाही. चुकीचं का होईना, काहीतरी कारण लिहील, आणि कारण लिहिणाऱ्या मुलाला दुरुस्त करणं सोपं असतं.

असंच कॅल्शियमचं. मांसाहार करत असाल तर कोंबडीच्या तंगडीचं हाड स्वच्छ धुऊन व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. चार-पाच दिवसांनी ते वाकायला लागतं. आम्लानं हाडातली कॅल्शियमची खनिजं विरघळली, मागे लवचीक प्रथिन उरलं. फरशीवर लिंबानं बुडबुडे काढले होते त्याच्याशी याचा संबंध तिलाच लावू द्या. घरात चालत नसेल तर हा प्रयोग सोडून द्या, काही अडत नाही.

हाडांसाठी सगळ्यात चांगलं साधन तिचं स्वतःचं अंग. एका हाताच्या बोटांत किती हाडं, हे दुसऱ्या हातानं चाचपून मोजायला सांगा : अंगठ्यात दोन, बाकी चार बोटांत तीन-तीन, एकूण १४. तळहाताची पाच, मनगटाची आठ, म्हणजे एका हाताच्या पंजाची २७. पावलात २६. दोन हात, दोन पाय धरून १०६, म्हणजे २०६ पैकी निम्म्याहून जास्त हाडं पंजांमध्ये आणि पावलांतच. हा हिशेब एकदा स्वतः केला की आकडा विसरत नाही. हुशार मुलं पुढं विचारतात, ‘पाठीच्या कण्यात ३३ मणके म्हणता, मग बेरीज का जुळत नाही?’ कारण खालचे पाच मणके जुळून एक हाड होतं आणि त्याखालचे चार जुळून एक, मोठेपणी मोजायला उरतात २६. अशी हाडं जुळत जातात म्हणूनच जन्मलेल्या बाळात जवळपास ३०० हाडं असतात आणि मोठ्यात २०६. तुमच्या लेकीच्या अंगात आत्ता तुमच्यापेक्षा जास्त हाडं आहेत, हे तिला जरूर सांगा. त्या वयात असल्या गोष्टीचा फार अभिमान वाटतो.

सांध्यांसाठी कोपराभोवती वर्तमानपत्राची जाड गुंडाळी घट्ट बांधून तिला जेवायला बसवा. घास तोंडापर्यंत पोचत नाही. बिजागरीचा सांधा कशासाठी, याचं याहून चांगलं उत्तर गाईडमध्ये नाही. खांदा गोल फिरतो म्हणून तो उखळीचा, गुडघा एकाच दिशेनं वळतो म्हणून बिजागरीचा, बाकी तीच करून बघेल.

सेमी इंग्रजीची अडचण खरी आहे. विज्ञानाचा पेपर इंग्रजीत आणि घरात बोलणं मराठीत. तिला आधी मराठीत कारण सांगू दे. ते नीट जमलं की मग तेच इंग्रजीत दोन वाक्यांत लिहू दे, शब्द पुस्तकातून तिनंच शोधायचे. थेट इंग्रजीतून सुरुवात केली की पोरं पुन्हा गाईडच्या ओळी पाठ करतात.

राहिला तो ऑनलाइन संच. घेऊ नका, आणि याचं कारण पैसे नाहीत. असल्या संचांत बऱ्याचदा चकचकीत मणी किंवा बटणाएवढी फार जोरकस चुंबकं असतात आणि तुमच्याकडे अडीच वर्षांचं मूल आहे. अशी दोन चुंबकं पोटात गेली तर आतड्याच्या दोन वळ्यांमधून ती एकमेकांना चिकटतात, मधला भाग चिमटला जातो आणि आतडं फाटू शकतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय करत बसू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. तुमच्या कामाचं चुंबक भंगारवाल्याकडे मिळेल, जुन्या स्पीकरच्या पाठीमागची ती काळी जाड कडी. दोन आणा, म्हणजे प्रतिकर्षण दाखवता येईल. त्यांचे ध्रुव टोकांना नसून दोन सपाट बाजूंना असतात, हे लेकीला स्वतः शोधू द्या. पट्टी-चुंबक शाळेच्या प्रयोगशाळेतून दोन दिवस मागून बघा, विज्ञानाचे शिक्षक सहसा नाही म्हणत नाहीत. कडी हातातून पडू देऊ नका, ती फुटते, आणि टवके धाकट्याच्या हाती लागायला नकोत. काम झालं की मोबाइल आणि एटीएम कार्डापासून लांब, वरच्या फळीवर ठेवा.